लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सोड्याची खिचडी

नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर सात टेबलांचं सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या जेवणाचं हॉटेल आहे. पाटी इतकी लहान की पहिल्या वेळी पुढे निघून जाल आणि चपलांच्या दुकानावरून परत वळाल. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि एवढ्याशा धंद्याला तिचा चटका बसावा असं मला वाटत नाही. ठाण्यातल्या खाणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला 2025 च्या जूनमध्ये पन्नास वर्षं झाली. जून 1975. "आमचं लग्न आणि आणीबाणी एकाच महिन्यात लागली," हा बाबांचा विनोद मी या घरात आल्यापासून ऐकते आहे. त्यावर आई न चुकता म्हणतात, "आणीबाणी निदान एकवीस महिन्यांत उठली."

नणंदेच्या मनात हॉल होता. दीडशे माणसं, केटरर, स्टेजवर दोन सिंहासनं. आईंनी एका वाक्यात तो बेत मोडला. "त्या खुर्च्यांत बसून फोटो काढायला आम्ही काय नवरा-नवरी आहोत? चार माणसं नीट बसून जेवू या." मग चार माणसांची आठ झाली: ते दोघं, आम्ही तिघं, नणंद आणि भावोजी, आणि साताऱ्याहून आलेली माझी आई. प्रश्न होता कुठे जायचं. आईंची अट अशी की पनीर नको, मोठ्या आवाजातली गाणी नकोत आणि "हॅपी अॅनिव्हर्सरी" म्हणत टाळ्या पिटणारे वेटर तर अजिबात नकोत. हे हॉटेल माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सुचवलं. आई आधी नाहीच म्हणाल्या. बाहेरचं बिरडं, म्हणजे सोललेल्या कडव्या वालांची उसळ, त्या खात नाहीत, हे त्यांचं व्रत आहे.

इथे माझी बाजू सांगून टाकते. माझं माहेर देशस्थांचं. लग्नाआधी मासे खाल्ले होते ते मैत्रिणीच्या डब्यातले, आणि वाल म्हणजे लग्नाच्या पंगतीतली एक उसळ एवढीच माहिती. पुढची वीस वर्षं मी कायस्थांच्या स्वयंपाकघरात उमेदवारी केली, आणि माझी परीक्षा घेणारी बाई त्या दिवशी माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसणार होती. त्यामुळे हे सगळं थोडं तिच्याही नजरेतून लिहिलंय असं समजा.

टेबल आधी फोनवर सांगून ठेवावं लागतं, आणि फोन ते दुपारी चार ते सहा एवढाच उचलतात. मला हे दोन दिवस हेलपाटे घातल्यावर कळलं. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर मेन्यूचा फोटो येतो, त्यावर ही वेळ लिहायला काय हरकत आहे? फोन लागल्यावर मात्र मालकीणबाईंनी असे प्रश्न विचारले की माझा राग गेला. किती माणसं, त्यांत ज्येष्ठ किती, कुणाला गुडघ्याचा त्रास आहे का, शाकाहारी कोण, लहान मूल आहे का. मग म्हणाल्या, "कोलंबी पुलाव धरून येऊ नका हं. बंदी चालू आहे. मिळेल ते करीन."

1 जूनपासून यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही जुलैच्या भर पावसात कुठल्याही हॉटेलात जा, पापलेट, सुरमई, कोलंबी सगळं तय्यार. कधीचं, कुठून आलेलं, कुठल्या फ्रीझरमधलं, विचारायची सोय नाही. इथे भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: "समुद्राची मासळी नाही. चिवणी आहे. सोडे आहेत. शेवळं संपेपर्यंत." आईंनी चष्मा वर करून फळा वाचला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.

बसायची जागा छोटी आणि नेटकी. जुन्या पद्धतीची काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाकडी खुर्च्या, खिडकीत कुंड्या. एसी आहे, पण बाहेर पाऊस असल्याने बंद ठेवून पंखे लावले होते, ते बरंच झालं. आमच्यासाठी तीन टेबलं जोडली होती. त्यातल्या एकाची उंची बोटभर कमी, त्यामुळे जोडावर ठेवलेली प्रत्येक वाटी कलंडू की नको अशा विचारात. भावोजींनी पहिल्या पाच मिनिटांत सोलकढी सांडली आणि टेबलाला दोष दिला. या वेळी तो खराच टेबलाचा होता.

सुरुवातीला खिमा पॅटिस. बाहेरचं बटाट्याचं आवरण पातळ, वर रव्याचा कुरकुरीत थर, आत बारीक खिमा. बऱ्याच ठिकाणी बटाट्याचा गोळा आणि मध्ये खिम्याची आठवण, असा प्रकार असतो. इथे कापल्यावर उलटं दिसलं. खिम्यात आलं-लसूण आणि हिरवी मिरची जाणवते, गरम मसाल्याने तोंड भरून जात नाही. माझ्या लेकीने तीन खाल्ले आणि पुढचं जेवण चिवडत बसली. तिच्या वतीने माझी शिफारस अशी की एका माणसाला एकच मागवा.

मग शेवळं आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिला पाऊस पडला की ठाणे-पालघर-रायगडच्या डोंगरांत जमिनीतून हे कोंब वर येतात. आदिवासी बायका जुड्या बांधून स्टेशनबाहेर आणि बाजारात विकायला बसतात. नुसती चिरून शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की जन्माची आठवण राहील. म्हणून सोबत काकडं घ्यायची, ती छोटी हिरवी आंबट फळं. त्याच बायका ती पण देतात, न मागता. शेवळाच्या आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, काकडं वाटून त्यांचा रस घालायचा, आणि मग खिमा नाहीतर कोलंबी घालून शिजवायचं. हे सगळं करूनही पहिला घास घेताना घरातला प्रत्येकजण दुसऱ्याने आधी खावं याची वाट बघतो. असा पदार्थ हॉटेलच्या मेन्यूवर ठेवणं हे धाडसच. एका गिऱ्हाइकाचा घसा खवखवला की नाव गेलं.

इथे शेवळं खिम्यात होती. रंग काळपट हिरवा, दिसायला काही विशेष नाही, लेक म्हणाली तसं "चिखल". पण घास तोंडात गेला की आधी काकडांचा आंबटपणा, मग खिमा, आणि शेवटी शेवळाची ती मातकट, किंचित तुरट चव, जी दुसऱ्या कशालाच नाही. खाज नावालाही नाही. खोबरं बेताचं होतं, म्हणून शेवळाची चव दबली नाही. त्या वर्षी पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन बसला, तेव्हा जूनच्या मध्याला शेवळं जून झालेली असतील अशी मला शंका होती. एखाददुसरा रेषा दाताखाली आला खरा. आई म्हणाल्या, "हंगाम सरत आलाय, चालायचंच." घरी मी केली असती तर हे वाक्य ऐकू आलं नसतं, एवढं नोंदवून ठेवते.

बाबा मूळचे पेणचे. फळ्यावर चिवणी बघितल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. चिवणी खाडीची, पहिल्या पावसात गाबोळीने भरलेली असते. काटे सांभाळून खायची, घाई केली की फसलात. कालवण तिखट आणि आंबट, चिंचेचं, लसणाच्या फोडणीचं, वाटण अगदी कमी. सोबत तांदळाची भाकरी. मालकीणबाई स्वतः वाढायला आल्या. बाबांच्या ताटातली गाबोळी बघून म्हणाल्या, "काका, अजून एक देते, त्यात जास्त आहे." मग काका कुठले, पेणला कुठल्या आळीत, पोपटी शेवटची कधी खाल्ली, अशी चौकशी झाली. पोपटीचं नाव काढल्यावर बाबा थांबतात थोडेच! वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्ड्याचा पाला, शेतातली आग, सगळं साग्रसंगीत झालं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या आणि एकीकडे शेजारच्या टेबलाच्या भाकऱ्या निवत होत्या. आमच्या टेबलाला हे आवडलं, शेजारच्यांना आवडलं असेल असं नाही.

आता बिरडं.

आईंनी मागवलं नव्हतं. माझ्या आईसाठी आलं होतं, कारण ती शाकाहारी. बिरडं हॉटेलात चांगलं का मिळत नाही याचं कारण साधं आहे: सोलणं. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून सुळकन बाहेर काढायचा. किलोभर वाल सोलायला घरच्या तीन बायका आणि एक टीव्ही मालिका लागते. हॉटेलवाल्यांना हे परवडत नाही म्हणून ते एक तर साल ठेवतात, नाहीतर कुकरच्या दोन शिट्ट्या करून त्याचा लगदा करतात. इथे वाटी आली तेव्हा मी आधी दाणे बघितले. अख्खे. मोडासकट अख्खे. रस्सा नारळाच्या दुधाचा, पातळ, गूळ आणि आमसूल दोन्ही आहेत पण कुणी कुणावर बसलेलं नाही, आणि वालाचा मूळचा कडवटपणा शाबूत. दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळत होता. ढवळायला डाव घातला की दाणा मोडतो, तेव्हा हे पातेलं हलवूनच शिजवलेलं असणार.

माझ्या आईने अर्धी वाटी संपवून आईंकडे बघितलं. "विहिणबाई, घ्या ना, एक चमचा." विहिणीला नाही कसं म्हणायचं? आईंनी चमचाभर घेतलं. मग वाटी स्वतःकडे ओढली. नंतर आमच्या टेबलावर आणखी दोन वाट्या आल्या आणि त्या व्रताविषयी कुणी काही बोललं नाही. मालकीणबाई परत आल्या तेव्हा आईंनी एवढंच विचारलं, "सोलतं कोण?" बाई म्हणाल्या, "मी, आणि शेजारच्या दोघीजणी येतात. शनिवार-रविवारपुरतंच करते काकू, रोज नाही होत." आईंनी मान हलवली. वाटी मात्र फार लहान आहे. 230 रुपयांना चहाच्या कपाएवढं बिरडं. मेहनत कळते, तरी वाटी थोडी मोठी घ्या.

मला या जागेचं जे आवडलं ते हेच. घरगुती जेवणाच्या नावाखाली अनेक ठिकाणी आपल्याकडून गैरसोय खपवून घेतात. भात गार, आमटी पाणीदार, वाढायला उशीर, वर "घरच्यासारखं आहे हो". इथे पदार्थ घरातले आहेत, पण काम पक्क्या हॉटेलवाल्याचं. जे नाही ते नाही म्हणून फळ्यावर लिहिलेलं, आणि जे आहे ते ताटात येतं तेव्हा वाफाळतं असतं.

सोड्याची खिचडी शेवटी मागवली, भाताच्या जागी. सोडे म्हणजे सोललेली, उन्हात वाळवलेली कोलंबी. हल्ली भाव ऐकून आपण आधी पिशवी परत ठेवतो, मग उचलतो. सोडे कमी भिजले तर चिवट होतात, जास्त भिजवून पाणी ओतून दिलं तर वास आणि चव दोन्ही मोरीत जातात. इथे सोडे मऊ होते, अख्खे होते आणि मोजून चार टाकलेले नव्हते. त्यांचं भिजवलेलं पाणी भातातच मुरवलेलं असणार, कारण नुसत्या भाताच्या शितालाही सोड्याची चव होती. बटाट्याच्या फोडी, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, तूप. तूप मागितल्यावर पुन्हा वाढलं, पैसे लावले नाहीत. खिचडीत मीठ किंचित पुढे होतं. सोडेच खारट असतात, तेव्हा मिठाचा हात आखडता हवा. आईंनी आणि मी एकाच वेळी एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही तेच म्हणायचं होतं.

मटण ठीक. आठवणीत राहिलं नाही.

शाकाहारी माणसाला इथे न्यायचं असेल तर जरा विचार करा. बिरडं सोडलं तर माझ्या आईच्या वाट्याला भरली वांगी आली, ती चांगली होती, आणि कोथिंबीर वडी आली, ती सकाळची परत तळलेली होती, कडेला दगड. तिचं ताट मात्र आधी वाढलं, वेगळ्या चमच्याने, आणि माशांच्या भांड्यांपासून दूरच्या टोकाला तिची जागा ठेवली. फोनवर सांगितलेलं कुणीतरी लक्षात ठेवलं होतं.

गोडाला निनावं आणि तेलपोळी. निनावं म्हणजे बेसन आणि कणीक तुपात भाजून, गूळ आणि नारळाचं दूध घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली वडी. पूर्वी श्रावणात व्हायची, आता ओव्हन असल्याने कधीही होते. इथली वडी फ्रीजमधून थेट ताटलीत आली होती. तूप थिजलेलं, जायफळाचा वास झोपलेला. दहा मिनिटं तशीच ठेवल्यावर चव उघडली, पण तोवर अर्ध्या जणांनी संपवली होती. तेलपोळी मात्र अप्रतिम. पुरण कडेपर्यंत गेलेलं आणि पोळी इतकी पातळ की ताटलीवरची नक्षी दिसावी. दुधाबरोबर मागा, ते विचारत नाहीत.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आला ती. आम्ही साडेसातला बसलो. सव्वानवाला मालकीणबाईंचा मुलगा "अजून काही आणू का?" विचारून गेला. पाच मिनिटांनी परत आला आणि न मागता बिल ठेवून गेला. बाहेर साडेनवाच्या बुकिंगवाले छत्र्या घेऊन उभे होते, ते मला दिसत होतं. सात टेबलांत दोन पंगती बसवल्याशिवाय भाडं निघत नसेल, हेही कळतं. पण टेबल दोनच तास मिळेल हे फोनवर सांगा. लग्नाची पन्नास वर्षं साजरी करायला आलेल्या माणसांना तेलपोळीचा शेवटचा तुकडा घाईने गिळायला लावू नका. बाबांचा पोपटीवरचा किस्सा दुसऱ्यांदा सुरू झाला होता, तो अर्धवट राहिला. (याबद्दल मुलाचे आभार मानावेत असं नवऱ्याचं मत आहे.)

शिवाय दारात दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना दोघांनी धरून चढवावं लागलं. फोनवर गुडघ्याचं विचारता, तर एक लोखंडी दांडा भिंतीत बसवायला काय हरकत आहे? बाथरूम स्वच्छ आहे, पण मागच्या बोळातून जावं लागतं आणि तिथे पावसात पाय घसरतो. गाडी लावायला जागा नाही. रिक्षाने जा, नाहीतर गावदेवीच्या बाजूला लावून चालत या.

आठ माणसांचं बिल आठ हजार दोनशे झालं, कर धरून. माणशी हजाराच्या वर. एवढ्या जागेसाठी ही रक्कम जास्त वाटेल. सोड्यांचा आणि शेवळांचा भाव माहीत असणाऱ्याला वाटणार नाही. बिलाबरोबर आई-बाबांसाठी दोन गोविंदविडे आले, लवंग टोचलेले. टाळ्या नाहीत, गाणं नाही, आईंच्या अटी जशाच्या तशा पाळल्या गेल्या.

तर कुणी जावं? आठापेक्षा जास्त माणसं असतील तर जाऊ नये, मावणार नाहीत. घरात सोडे-बिरड्याची सवय असलेलं वडीलधारं माणूस असेल आणि त्याच्या वाढदिवसाला कुठे न्यायचं हे सुचत नसेल तर जरूर जावं. शनिवारी किंवा रविवारी जा, नाहीतर बिरडं मिळणार नाही. पहिल्या पंगतीऐवजी साडेनवाची वेळ घ्या, मागे कुणी उभं राहत नाही. निनावं जेवण सुरू होतानाच टेबलावर आणून ठेवायला सांगा.

दिवाळीत ते खाजाचे कानवले ऑर्डरवर करून देतात, नोंदणी नवरात्रात सुरू होते असं गल्ल्याजवळ लिहिलं आहे. आई म्हणाल्या, "काही गरज नाही, कानवले घरीच करायचे." नणंदेने आणि मी नंबर घेऊन ठेवला आहे.